खेळ घडविणाऱ्यांनी कोणते विषय घ्यावेत?

मे महिना उजाडला की बंगळुरातील घराघरांत एक लहानसा अर्ज येऊन पडतो. दहावीचा निकाल लागलेला असतो, पेढे वाटून झालेले असतात, आणि आता पदवीपूर्व महाविद्यालयाच्या अर्जावरील एका चौकटीत चार अक्षरे लिहावयाची असतात. ही चार अक्षरे म्हणजे चार विषय होत. पी म्हणजे भौतिकशास्त्र, सी म्हणजे रसायनशास्त्र, एम म्हणजे गणित. चौथे अक्षर बी असेल तर जीवशास्त्र, सी असेल तर संगणकशास्त्र आणि ई असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. अर्ज भरण्यास पाच मिनिटे पुरतात. परंतु त्या पाच मिनिटांत झालेला निर्णय मुलामुलींच्या पुढील कित्येक वर्षांना वळण लावून जातो.

मल्लेश्वरम भागात राहणारे एक मराठी कुटुंब आपण डोळ्यांसमोर आणू या. कुटुंब कल्पनेतले आहे. पण त्यांची अडचण मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची असेल. वडील बँकेत, आई शाळेत शिक्षिका, आजोबा बेळगावहून नातीच्या निकालासाठी मुद्दाम आलेले. मुलीचा हात चित्रकलेत चांगला आहे. गणितात मात्र तिला १०० पैकी ६२ गुण मिळाले आहेत. जेवणाच्या वेळी ती म्हणते, "बाबा, मला कॉम्प्युटरवरचे गेम तयार करायचेत. माझी मैत्रीण कॉमर्स घेऊन त्यात कॉम्प्युटर सायन्स घेणार आहे. मीही तेच घेते, म्हणजे गणित सुटेल."

वडिलांच्या कपाळाला आठी पडते. "अगं, खेळणं हा काय धंदा झाला?" असे ते विचारतात. आई म्हणते, "धंद्याचं नंतर बघू. आधी त्यासाठी काय शिकावं लागतं ते तरी कळू दे." आजोबा तेवढेच विचारतात, "आणि मधेच तिचं मन बदललं तर?"

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा हा प्रयत्न आहे. हा धंदा आहे काय, त्यासाठी काय शिकावे लागते, आणि मन बदलले तर काय, असे ते तीन प्रश्न होत.

खेळ हा पोरखेळ नव्हे

खेळ रचणे हे हलके काम आहे, असे आपल्या पूर्वजांना कधी वाटले नाही. सोंगट्यांचा पट, बुद्धिबळ आणि पाप-पुण्याच्या पायऱ्या दाखविणारा मोक्षपट या खेळांमागे नियमांची नेटकी बांधणी आहे. बंगळूरपासून फार दूर नसलेल्या म्हैसूर नगरीत तर एका राजानेच या कलेला वाहून घेतले होते. मुम्मडी कृष्णराज वोडेयर (१७९४ ते १८६८) यांना पटावरील खेळांचा आणि अंकांच्या कोड्यांचा मोठा नाद होता. त्यांनी नवे पट रचले, आणि बुद्धिबळाच्या घोड्याने ६४ घरांपैकी प्रत्येक घराला एकदाच भेट देत सारा पट कसा फिरावा, याच्या रचनाही केल्या. गंमत अशी की, घोड्याचा हाच प्रवास संगणकाकडून करवून घेणे, हा आज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या अभ्यासाचा भाग आहे.

पडद्यावरच्या अगदी सुरुवातीच्या खेळांपैकी एक खेळही एका शास्त्रज्ञाच्या हातून घडला. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या भौतिकशास्त्रज्ञाने, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांची करमणूक व्हावी म्हणून, ऑसिलोस्कोपच्या लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. चेंडू जाळीवरून जाई, जमिनीवर आपटून उसळे. चेंडूचा मार्ग आखण्याचे काम गणकयंत्र करीत होते.

बंगळुरात या उद्योगाचे मूळ १९९० नंतरच्या दशकात रुजले. राजेश राव यांची ध्रुव इंटरॲक्टिव्ह ही कंपनी १९९७ पासून या क्षेत्रात काम करू लागली, आणि भारतातील सर्वांत जुन्या गेम कंपन्यांत तिची गणना होते. २०१९ साली ती रॉकस्टार गेम्स या जगप्रसिद्ध कंपनीने विकत घेतली. झिंगा ही अमेरिकन कंपनी २०१० साली बंगळुरात आली. पत्त्यांच्या आणि लुडोच्या खेळांमुळे घरोघरी पोहोचलेली मूनफ्रॉग लॅब्ज ही कंपनीही याच शहरात २०१३ साली स्थापन झाली. या उद्योगासाठी कर्नाटक सरकारने २०१२ सालीच स्वतंत्र धोरण जाहीर केले होते.

महाराष्ट्रातील उदाहरण हवे असेल तर पुण्याकडे पाहावे. नॉडिंग हेड्स गेम्स या तेथील लहानशा संस्थेने 'राजी' हा खेळ २०२० साली जगापुढे ठेवला. आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती कथा आहे. त्यातील दृश्यांवर पहाडी चित्रशैलीची आणि राजस्थानच्या वास्तुकलेची छाप आहे. या खेळासाठी २०१७ साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न झाला, तो यशस्वी झाला नाही. तरी ही मंडळी थांबली नाहीत, आणि तीन वर्षांनी खेळ पुरा झाला. असे कष्ट उपसण्याची तयारी असेल तरच या वाटेला जावे, हेही त्यावरून ध्यानी घ्यावे.

वडिलांच्या मनात आणखी एक भीती असते, ती जुगाराची. तिचे निराकरण करणे अवश्य आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने देशभर बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे व शिक्षणाचे खेळ यांना उत्तेजन देण्याचे ठरविले आहे. म्हणजे मुलीने ज्याची इच्छा धरली आहे ती गोष्ट, आणि ज्याची वडिलांना धास्ती आहे ती गोष्ट, या दोन्ही कायद्यानेच वेगळ्या मानल्या आहेत.

प्रोग्रॅमर नेमके काय करतो?

विषय निवडण्यापूर्वी हे समजून घेतले पाहिजे की, गेम तयार करणे हे एका माणसाचे काम क्वचितच असते. खेळाचे नियम आणि कथा रचणारा एक, पात्रे आणि देखावे रंगविणारा दुसरा, ध्वनी देणारा तिसरा, चुका हुडकून काढणारा चौथा. या सर्वांचे काम एकत्र आणून पडद्यावर चालते-बोलते करणारा तो प्रोग्रॅमर. नाटकमंडळीच्या भाषेत सांगावयाचे तर लेखक, नेपथ्यकार आणि नट यांच्यामागे दोऱ्या ओढणारा, दिवे लावणारा, पडदा वेळेवर पाडणारा जो असतो, त्याच्याशी प्रोग्रॅमरचे नाते आहे. फरक एवढाच की, येथे ते सारे आधी लिहून ठेवावे लागते.

ही कामगिरी किती काटेकोर असते याची कल्पना एका साध्या हिशेबाने येईल. चांगला गेम दर सेकंदाला पडद्यावर ६० चित्रे उमटवितो. म्हणजे एका चित्रासाठी संगणकाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या अवधीत खेळणाऱ्याने कोणते बटण दाबले ते पाहावयाचे, प्रत्येक पात्राची नवी जागा ठरवावयाची, कोण कोणावर आदळले ते तपासावयाचे, आणि सारे दृश्य पुन्हा रंगवावयाचे. हे वेळेत झाले नाही तर चित्र अडखळते आणि खेळणारा कंटाळून उठतो.

तेव्हा मुलीला प्रथम हे विचारावे: तुला चित्रे काढावयाची आहेत, की ती हलवावयाची आहेत? चित्रकाराची वाट वेगळी आहे आणि तीही सन्मानाची आहे. पण उत्तर "हलवावयाची आहेत" असे असेल, तर पुढील विषयांना पर्याय नाही.

गणित: सोडावयाचे नाही ते हेच

गेमच्या प्रोग्रॅमिंगमध्ये गणित कोठे येते, असे मुले विचारतात. एक उदाहरण घेऊ. पडद्यावर एक पहारेकरी उभा आहे. शाळेत शिकविलेल्या आलेखाच्या भाषेत त्याची जागा (२, ३) आहे, आणि तो उजवीकडे, म्हणजे (१, ०) या दिशेने पाहत आहे. आपला नायक (६, ६) या जागी लपला आहे. पहारेकऱ्याला तो दिसेल काय?

दोन्ही जागांतील अंतर काढा: आडवे ४, उभे ३. पायथागोरसच्या सिद्धांताने सरळ अंतर ५ येते. पहारेकऱ्याच्या नजरेची दिशा आणि नायकाची दिशा यांतील कोनाची कोज्या ४ भागिले ५, म्हणजे ०.८ येते, अर्थात कोन सुमारे ३७ अंशांचा आहे. पहारेकऱ्याची नजर दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत पोहोचते असे ठरविले असेल, तर नायक पकडला गेला! आता नायक (-१, ७) येथे गेला असे समजा. आडवे अंतर -३, उभे ४. सरळ अंतर पुन्हा ५. पण आडवी संख्या ऋण आली, म्हणजे तो पहारेकऱ्याच्या पाठीमागे आहे. अंतर तेवढेच, पण नायक सुरक्षित.

या उदाहरणात आलेली प्रत्येक गोष्ट, म्हणजे निर्देशक भूमिती, पायथागोरस आणि त्रिकोणमिती, दहावीपर्यंत शिकून झालेली असते. अकरावी-बारावीत त्यात सदिश आणि सारण्या यांची भर पडते. सदिशांनी दिशा आणि वेग हाताळता येतात. सारण्यांनी एखादी वस्तू फिरविणे, लहान-मोठी करणे, तीन मितींचे दृश्य सपाट पडद्यावर उतरविणे ही कामे होतात. संभाव्यता शिकली म्हणजे फासे किती वेळा सहा दाखवतील याचा अंदाज बांधता येतो. वस्तू अवकाशात फिरविण्यासाठी आजचे गेम जी संख्यापद्धती वापरतात, ती विल्यम हॅमिल्टन या गणितज्ञाला १८४३ साली डब्लिन शहरातील एका कालव्याच्या पुलावर सुचली. ज्ञान कधी कोणाच्या उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही, ते असे.

मग ६२ गुणांचे काय? ६२ गुण म्हणजे गणित येत नाही असा अर्थ नव्हे. सराव कमी पडला असेल, पाया कोठे कच्चा राहिला असेल. पण एक भेद पालकांनी नीट लक्षात घ्यावा. प्रोग्रॅमिंगची भाषा विसाव्या वर्षी शिकता येते, तिसाव्या वर्षीही शिकता येते. गणित मात्र पायरीपायरीने चढावयाचे असते. मधल्या दोन वर्षांच्या पायऱ्या गाळून पुढे चढणे फार थोड्यांना साधते. म्हणून आवडत्या विषयाइतकाच, नंतर भरून काढण्यास कठीण असा विषय प्रथम राखावा.

भौतिकशास्त्र आणि पडद्यावरचे गुरुत्वाकर्षण

खेळातील नायक उडी मारतो. त्याने २ मीटर उंच जावे आणि ०.४ सेकंदात माथा गाठावा, असे रचनाकाराने ठरविले. प्रोग्रॅमर अकरावीतील गतीची समीकरणे काढून बसतो. उंचीची दुप्पट भागिले वेळ, म्हणजे सुरुवातीचा वेग सेकंदाला १० मीटर. हा वेग ०.४ सेकंदात शून्यावर यावयाचा, म्हणजे गुरुत्वत्वरण २५ झाले. पृथ्वीवरील त्वरण ९.८ आहे. म्हणजे या खेळाच्या जगात गुरुत्वाकर्षण आपल्या जगाच्या अडीचपट आहे!

असे का करावे? कारण पृथ्वीचे खरे त्वरण वापरले तर २ मीटरांची तीच उडी वर जाऊन खाली येईतो सुमारे १.३ सेकंद घेईल, आणि हातात बटण धरून बसलेल्याला नायक हवेत तरंगतो आहे असे वाटेल. तेव्हा खेळात निसर्गाचे नियम मोडावेही लागतात. परंतु मोडावयाचे ते नियम आधी ठाऊक असले पाहिजेत. कॅरमच्या सोंगटीची टक्कर, चाकाचे घर्षण, पाण्यावरची होडी, आरशातील प्रकाश यांतील प्रत्येक गोष्ट भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे.

संगणकशास्त्र असावे, पण नसले तर?

संगणकशास्त्र हा विषय मिळत असेल तर जरूर घ्यावा. काम लहान लहान पायऱ्यांत तोडणे, चूक शोधून काढणे, माहिती नीट रचून ठेवणे या सवयी त्यातून लागतात. पण ज्या गावातील महाविद्यालयात हा विषय नाही, तेथील विद्यार्थ्यांनी हताश होण्याचे कारण नाही. जीवशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेऊनही गणित आणि भौतिकशास्त्र पक्के असेल, तर प्रोग्रॅमिंग स्वतः शिकता येते. आरंभासाठी पायथन ही भाषा सोपी आहे. पुढे युनिटी या साधनासाठी सी शार्प आणि अनरिअल या साधनासाठी सी प्लस प्लस शिकावी लागते. गोडो नावाचे साधन तर विनामूल्य आहे, आणि साध्या संगणकावरही चालते.

उलट आपल्या मल्लेश्वरमच्या मुलीचा बेत तपासून पाहा. वाणिज्य शाखेत संगणकशास्त्र आहे, पण गणित नाही आणि भौतिकशास्त्रही नाही. नावात कॉम्प्युटर आहे म्हणून तो मार्ग गेमकडे जातो असे वाटते. प्रत्यक्षात अभियांत्रिकीचे दार त्याने बंद होते. शेकडो मुले या नावाच्या मोहात सापडतात, म्हणून हा इशारा मुद्दाम देत आहे.

अर्जापूर्वी पाहावयाचे नियम

कर्नाटकात अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय आवश्यक आहेत. तिसरा विषय रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र यांपैकी चालतो. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचे पेपर असतात, आणि गुणानुक्रम ठरविताना या तीन विषयांतील बारावीचे गुण व प्रवेश परीक्षेचे गुण निम्मे निम्मे धरले जातात. यातून दोन गोष्टी निघतात. संगणकशास्त्रात ९८ गुण मिळाले तरी ते या गुणानुक्रमात धरले जात नाहीत. आणि गेमशी दूरचाही संबंध नसलेल्या रसायनशास्त्राकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयांत संगणकशास्त्र हा द्विलक्षी, म्हणजे ज्याला सर्वजण बायफोकल म्हणतात अशा प्रकारचा, २०० गुणांचा विषय म्हणून शिकविला जातो. त्याच्या जागा मर्यादित असतात. तेव्हा प्रवेशाच्या वेळीच चौकशी करावी.

केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, शाळांत मुले असतील तर निर्णय त्याहूनही आधी घ्यावा लागतो. २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून तेथे गणिताचे स्टँडर्ड व बेसिक असे दोन स्तर करण्यात आले. बेसिक स्तर घेणाऱ्याने अकरावीत पूर्ण गणित घेऊ नये, अशी मूळ योजना होती. पुढे मंडळाने वेळोवेळी सवलत दिली, तरी सवलतीच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नव्हे. सोपा पेपर म्हणून बेसिक घेण्यापूर्वी मुलाची पुढील इच्छा काय आहे हे विचारावे, आणि त्या वर्षीचा नियम शाळेकडून जाणून घ्यावा.

भाषा, इतिहास आणि चित्रकला

हे वाचून कोणी असे समजू नये की, इतर विषय निरुपयोगी आहेत. गेमच्या प्रोग्रॅमरला दिवसाचा मोठा भाग इतरांनी लिहिलेले वाचण्यात आणि आपण केलेले इतरांना समजावून सांगण्यात घालवावा लागतो. साधनांची माहिती बहुतेक इंग्रजीत असते, म्हणून इंग्रजी वाचन चांगले हवे. मातृभाषा चांगली असेल तर विचार नेटका होतो, आणि कथा कोठून उचलावी हेही कळते. 'राजी'च्या मागे भारतीय पुराणकथा आणि चित्रकला नसती, तर तो जगाच्या बाजारात वेगळा दिसला नसता. चित्रकला जाणणारा प्रोग्रॅमर चित्रकाराची अडचण चटकन ओळखतो. तेव्हा मुलीने रंगपेटी माळ्यावर टाकण्याचे कारण नाही. गणिताच्या वहीशेजारी ती असू द्यावी.

बारावीनंतरच्या वाटा

बारावीनंतर सर्वांत रुंद वाट संगणक अभियांत्रिकीची. दुसरी बीसीए किंवा संगणकशास्त्रातील बी. एस्सी.ची, तिला खर्च सहसा कमी येतो, आणि पुढे एमसीए करता येते. तिसरी वाट आयआयटी मद्रासने २०२० साली सुरू केलेल्या ऑनलाइन बी. एस. पदवीची. तिच्यासाठी दहावीत गणित व इंग्रजी शिकलेले असावे लागते, आणि कठीण प्रवेश परीक्षेऐवजी संस्थेच्याच पात्रता अभ्यासक्रमातून जावे लागते. ती गेमची पदवी नव्हे, पण प्रोग्रॅमिंगचा पाया तिथे पक्का होतो.

पदवीनंतर खेळांच्या रचनेकडे वळावयाचे असेल तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर येथील केंद्रात डिजिटल गेम डिझाइन या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईत केंद्र सरकारने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग यांच्या शिक्षणासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी ही संस्था २०२५ साली सुरू केली आहे.

याखेरीज गेमिंगचे प्रशिक्षण देणाऱ्या खासगी संस्था शहरोशहरी आहेत. त्यांतील काही चांगल्या असतील. पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पदवी कोणत्या विद्यापीठाची? अभ्यासक्रमात गणित व प्रोग्रॅमिंगला किती तास आहेत? आणि गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः पुरे केलेले खेळ पाहावयास मिळतील काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर आपणही ती संस्था टाळावी. या उद्योगात नोकरी देणारा प्रमाणपत्रापेक्षा उमेदवाराने काय करून दाखविले आहे ते आधी पाहतो.

मन बदलले तर?

आजोबांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता. मन बदलू शकते, आणि काळही बदलू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर या जुन्या बहुराष्ट्रीय कंपनीचा कारभार कोसळला, आणि बंगळुरातील तिच्या स्टुडिओत काम करणाऱ्या पुष्कळ कुशल माणसांवर एकाएकी घरी बसण्याची पाळी आली. त्यांच्या कौशल्यात काही उणे नव्हते. करमणुकीच्या धंद्यात भरती-ओहोटी असतेच, हे जाणूनच त्यात पाऊल ठेवावे.

म्हणूनच सोळाव्या वर्षी केवळ गेमपुरते शिक्षण घेऊ नये. गणित, भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग हे तीन विषय ज्याच्या हाती आहेत, तो वैमानिकांच्या सरावयंत्रासाठी, नकाशांसाठी, रुग्णालयातील यंत्रांच्या चित्रणासाठी किंवा बँकेच्या हिशेबासाठीही काम करू शकतो. तो शिक्षकही होऊ शकतो. गेमसाठी योग्य असलेले विषय नेमके तेच आहेत, जे मन बदलले तरी वाया जात नाहीत.

घरच्या घरी एक परीक्षा

खेळ खेळण्याची आवड आणि खेळ घडविण्याची आवड यांत पुष्कळ अंतर आहे, आणि आपल्या मुलात यांपैकी कोणती आहे हे पालकांना कळत नाही. ते कळण्याचा एक उपाय आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

सुट्टीत मुलाला सांगा, "सापशिडीचा खेळ संगणकावर करून दाखव." चित्रे नकोत, रंग नकोत, फासा पडावा, सोंगटी पुढे जावी, साप आला तर खाली यावी, १०० वर खेळ संपावा, एवढे पुरे. ९८ वर असताना फाशावर ५ पडले तर काय करावयाचे? दोन सोंगट्या एकाच घरात आल्या तर? हे प्रश्न त्याला स्वतःलाच पडू द्यावेत. ते जमले तर म्हैसूरच्या महाराजांचा घोडा ६४ घरांतून फिरवावयास सांगावा. वॉर्न्सडॉर्फ नावाच्या एका जर्मन गृहस्थाने १८२३ साली त्यासाठी युक्ती सुचविली होती: जेथून पुढे जाण्याचे मार्ग सर्वांत कमी उरतात, त्या घरात आधी जावे.

चूक सापडत नाही म्हणून मूल चिडेल, उठून जाईल. तासाभराने ते आपण होऊन परत येऊन बसले, तर समजावे की आवड खरी आहे. परत आले नाही तरी रागावू नये. एक सुट्टी खर्चून एवढे कळले, तर तो तोटा नव्हे.

आपल्या त्या कुटुंबात काय झाले असेल? मला वाटते, आईने दहावीचे गणिताचे पुस्तक पुन्हा कपाटातून काढले असेल. वडिलांनी, पहारेकरी आणि नायक यांचे उदाहरण कागदावर सोडवून पाहिल्यावर, "हे तर आम्हीही शिकलो होतो," असे म्हटले असेल. आणि मुलीने अर्जाच्या चौकटीत पीसीएमसी ही चार अक्षरे लिहून आजोबांना विचारले असेल, "आजोबा, रोज संध्याकाळी एक तास माझं गणित घ्याल?"

वाचकहो, आपल्या घरी असा अर्ज येईल तेव्हा मुलाच्या इच्छेला हसू नका, आणि नुसती मानही डोलावू नका. त्याच्या शेजारी बसा, नियम एकत्र वाचा, आणि त्या अक्षरांत एम आहे ना, एवढे पाहून मगच सही करा.